कुटुंबातील वाढपाची चांदीची भांडी : वजन, नाव आणि वारसा

प्रस्तावना

मराठी कुटुंबांत वारशाने चालत आलेल्या वस्तूंचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम दागिन्यांकडे, त्यानंतर वस्त्रांकडे आणि कागदपत्रांकडे जाते. देवघरातील चांदीच्या उपकरणांचीही दखल घेतली जाते. त्या मानाने जेवण वाढण्यासाठी वापरली जाणारी चांदीची भांडी, म्हणजे तुपाची तामली, ओगराळे, पळी, पाण्याची झारी, चटणी-कोशिंबिरीचा चौफुला, तबक इत्यादी, बहुतांशी दुर्लक्षित राहिली आहेत. सणासुदीला कपाटातून बाहेर काढायची, घासूनपुसून परत ठेवायची आणि वाटणीच्या वेळी तोलायची वस्तू, एवढीच त्यांची ओळख उरली आहे.

ही भांडी केवळ धातूचा साठा नसून कुटुंबातील स्त्रियांच्या मालकीचा आणि नात्यांचा लिखित पुरावा आहेत, आणि वारसाहक्काच्या व्यवहारात सर्वांत आधी नष्ट होतात तीही हीच भांडी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. २०२५ या एका वर्षात चांदीचा भाव दुपटीहून अधिक वाढला. त्यामुळे जुनी भांडी मोडीत काढण्याचा मोह वाढणे स्वाभाविक असून या विषयाला आज वेगळी निकड प्राप्त झाली आहे.

पंगत आणि वाढपाची भांडी

ज्यात जेवतात ती भांडी आणि ज्याने वाढतात ती भांडी असा एक स्वाभाविक भेद मराठी घरात असतो. ताट, वाटी, पेला, फुलपात्र ही जेवणाऱ्याची भांडी होत. ती संख्येने अनेक, एकसारखी आणि जोडीने किंवा संचाने घडवलेली असतात. वाढपाचे भांडे मात्र बहुधा एकच असते. पंगतीत दहा ताटे मांडली, तरी तुपाची तामली एकच फिरते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-आमटी असा पानाचा क्रम ठरलेला असल्याने प्रत्येक पदार्थासाठी भांडे आणि ते हाती घेणारी व्यक्तीही ठरून जाते. भातावरील वरणानंतर तुपाची धार पडल्याखेरीज पंगत जेवायला बसत नाही. म्हणून तुपाच्या भांड्याला एक मानाचे स्थान लाभले. ते हाती घेण्याचा अधिकार पुष्कळ घरांत घरच्या थोरल्या सुनेचा किंवा सासूचा असे. ज्या स्त्रीने हे भांडे मिरवले तिचे स्वतःचे जेवण मात्र पुरुषांच्या आणि मुलांच्या पंगती उठल्यावर होई, हेही येथे नोंदवले पाहिजे.

ही भांडी सर्व समाजाची नव्हती. बहुसंख्य मराठी घरांत पितळ, तांबे, कासे, माती आणि पत्रावळ यांचाच वापर होता. चांदीची पंगत ही सरदार, इनामदार, सावकार, व्यापारी आणि पुढे वकील, मामलेदार, डॉक्टर अशा पगारदार किंवा व्यावसायिक वर्गाची मिरास होती. शिवाय पंगत ही जातिभेद काटेकोरपणे पाळण्याची जागा होती. कोणाच्या हातचे वाढलेले चालते आणि कोणाच्या हातचे नाही, हा प्रश्न धातूच्या शुद्धाशुद्धतेशी जोडलेला होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील शुद्धिप्रकरणात नक्षी नसलेले रुप्याचे पात्र, त्याला अन्न चिकटलेले नसेल तर, केवळ पाण्याने शुद्ध होते असे मानले आहे. तांब्या-पितळेसाठी मात्र राख आणि आंबट द्रव्ये सांगितली आहेत. चांदीविषयीचा आदर केवळ तिच्या किमतीतून आलेला नाही, हे यावरून ध्यानात येते.

धातू आणि अन्न

चांदीच्या निवडीमागे एक व्यावहारिक कारणही आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात दही, ताक, चिंचेची आमटी किंवा लिंबू पिळलेली कोशिंबीर ठेवली तर आम्लाची तांब्यावर क्रिया होऊन पदार्थ कळकतो. म्हणून अशा भांड्यांना कल्हई लावावी लागते आणि ती झिजली की पुन्हा लावावी लागते. चांदीवर अन्नातील सौम्य आम्लांचा परिणाम जवळजवळ होत नाही. श्रीखंड, दही, ताक आणि कोशिंबीर यांच्यासाठी ज्या घरांना परवडत असे त्यांनी चांदी निवडली, यात केवळ डौल नव्हता.

चांदीचे खरे शत्रू दोन : गंधक आणि ओले मीठ. हवेतील हायड्रोजन सल्फाइडमुळे, तसेच कांदा, लसूण, अंडी यांसारख्या गंधकयुक्त पदार्थांमुळे पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. ओले मीठ भांड्यात दीर्घकाळ राहिल्यास क्लोराइड तयार होऊन धातू खडबडीत होतो व त्यावर खड्डे पडू लागतात. काळा थर काढण्यासाठी आपल्याकडे रांगोळी, राख किंवा खडूची पूड लावून भांडी घासण्याची पद्धत आहे. रिठ्याचे पाणी निरुपद्रवी असते. परंतु रांगोळीचे कण चांदीपेक्षा कठीण असल्याने प्रत्येक घासणीत धातूचा अत्यंत सूक्ष्म थर निघून जातो. पन्नास दिवाळ्या अशी घासणी झालेल्या तामलीवरील वेलबुट्टी पुसट होते आणि काठावर कोरलेले नावही पुसट होते. अॅल्युमिनियमचा वर्ख, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांची रीत रासायनिकदृष्ट्या अधिक योग्य आहे, कारण तीत सल्फाइडचे पुन्हा चांदीत रूपांतर होते. मात्र नक्षीच्या खोलगट भागात मुद्दाम राखलेला काळेपणाही ती घालवते आणि लाख भरलेल्या पोकळ मुठींच्या पळ्यांना गरम पाणी अपायकारक ठरते.

येथे एक भाषिक गंमत सांगण्याजोगी आहे. मराठी घरांत ‘जर्मनचे भांडे’ म्हणजे अॅल्युमिनियमचे भांडे. ‘जर्मन सिल्व्हर’ हा मात्र तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू होय. दोहोंतही चांदीचा अंश नसतो. जुन्या याद्यांतील ‘जर्मन’ या शब्दावरून वारसांत गैरसमज होऊ शकतात, म्हणून हा भेद ठाऊक असणे इष्ट.

रुपयाभार चांदी

भारतात चांदीचे उत्पादन फार थोडे असल्याने येथील चांदी शतकानुशतके समुद्रमार्गे आली. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचा भाव चढला, तेव्हा मुंबईमार्गे खानदेश-वऱ्हाडात चांदीचा मोठा ओघ आला. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या त्या काळच्या कथा प्रसिद्ध आहेत. त्या अतिरंजित असल्या, तरी ग्रामीण भागात चांदी कशी पोहोचली याची कल्पना त्यांवरून येते.

भांडे घडवायचे तर घरधनी सोनाराकडे पुष्कळदा नाणीच नेई. १८३५ पासून कंपनी सरकारचा आणि पुढे राणीच्या छापाचा रुपया १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. वजन आणि कस दोन्ही ठाऊक असलेला धातू हाती असल्याने सोनाराने किती घेतले आणि किती परत दिले याचा हिशेब घरातल्या कोणालाही करता येई. शंभर रुपये वितळवून घडवलेले तबक ‘शंभर रुपयेभार’ ठरे. घट आणि घडणावळ यांचा हिशेब वेगळा. १९४० मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणण्यात आले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास चांदीची जागा निकेलने घेतली. नाणे आणि भांडे यांच्यातील ही थेट देवाणघेवाण तेथे संपली.

जुन्या भांड्यांवर कसाची सरकारी मोहोर सापडत नाही. भारतीय मानक ब्यूरोने चांदीसाठी हॉलमार्कची सोय २००५ साली केली आणि ती ऐच्छिक ठेवली. त्यापूर्वीचा विश्वास सराफाच्या पेढीवर होता. जोडकामात वापरलेल्या डाखाने कस उतरतो, हे जाणणारी गृहिणी म्हणूनच सांधे कमी असलेले भांडे पसंत करी.

वजनाच्या नोंदीबाबत एक व्यावहारिक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या याद्यांतील तोळा ११.६६ ग्रॅमचा आहे, तर दशमान पद्धतीनंतर बोलीभाषेत तोळा म्हणजे दहा ग्रॅम असे समीकरण रूढ झाले. यादीत ‘५० तोळे’ असलेले ताट प्रत्यक्षात सुमारे ५८३ ग्रॅमचे असले पाहिजे. ते ५०० ग्रॅमचे धरून वाटणी केली, तर ज्याच्या वाट्याला ते ताट येते त्याला ८३ ग्रॅम चांदी हिशेबाबाहेर मिळते.

भांड्यावर नाव घालणे

भांड्यावर नाव घालून घेणे ही मराठी समाजातील अत्यंत दृढ रूढी आहे. कार्यप्रसंगी शेजारीपाजारी भांडी देण्याघेण्याची पद्धत असल्याने आपले भांडे ओळखू यावे हा तिचा मूळ हेतू. पितळेच्या भांड्यावर बहुधा घरमालकाचे नाव असते. चांदीच्या भांड्यावरील मजकूर मात्र अनेकदा अधिक विस्तृत असतो : कोणी दिले, कोणास दिले, कोणत्या निमित्ताने, आणि क्वचित शके व तिथी. बारशाला आजोळकडून आलेली वाटी व बोंडले, विवाहात माहेरचे ताट-तांब्या, अधिक मासात जावयाला तेहतीस अनारशांसह दिलेले तबक, साठीशांतीचा आहेर, अशा प्रत्येक प्रसंगाचा मायना वेगळा. ज्या काळात सामान्य कुटुंबातील स्त्रियांची नावे जमिनीच्या दस्तात क्वचितच आणि वंशावळीत ‘पत्नी’ या एका शब्दापुरती येत, त्या काळात त्यांची स्वतःची नावे धातूवर कोरलेली सापडतात. स्त्रियांच्या इतिहासाची साधने शोधणाऱ्या अभ्यासकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

या मजकुरावरून कालनिर्णय करण्याच्या काही खुणा सांगता येतात. शके दिलेले असल्यास चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो. शक नसेल पण ‘अधिक श्रावण’ असा उल्लेख असेल, तरीही संभाव्य वर्षे मोजकीच उरतात. अधिक मास साधारणपणे साडेबत्तीस महिन्यांनी येत असला, तरी तोच महिना पुन्हा अधिक येण्यास पुष्कळदा एकोणीस वर्षे लागतात. अलीकडील काळात २००४ आणि २०२३ या वर्षी अधिक श्रावण होता. शुद्धलेखनही साक्ष देते. ‘भांडें’ अशा शब्दांवरील अनुच्चारित अनुस्वार दिसले, तर मजकूर १९६२ मध्ये मान्य झालेल्या लेखननियमांपूर्वीचा किंवा निदान जुन्या वळणात शिकलेल्या व्यक्तीचा असण्याचा संभव अधिक. छिन्नीने एकेक ठिपका उठवून काढलेली अक्षरे आणि विजेच्या यंत्राने काढलेली सलग रेघ यांतील फरक तर साध्या डोळ्यांनीही कळतो.

नावाचा सर्वांत अर्थपूर्ण प्रश्न विवाहाशी निगडित आहे. काही समाजांत लग्नानंतर वधूचे नाव बदलत आणि ताटात तांदूळ पसरून त्यांत नवे नाव रेखण्याचा विधी होई. ते ताट माहेरचे असेल, तर त्याच्या काठावर तिचे पूर्वीचे नाव कोरलेले असू शकते. नवे नाव तांदळात, जुने धातूत. वारसांना अनोळखी वाटणारे एखादे स्त्रीनाव भांड्यावर सापडले, तर ते परक्या घरचे भांडे आहे असा तर्क करण्यापूर्वी ते आपल्याच आजीचे किंवा पणजीचे माहेरचे नाव तर नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे.

वारसा आणि कायदा

हे नाव केवळ भावनेचा विषय नाही. एखादे भांडे स्त्रीधन आहे की एकत्र कुटुंबाची मालमत्ता, या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून राहू शकते. मिताक्षरेने स्त्रीधनाची व्याप्ती उदारपणे मानली आणि त्याच्या वारसाक्रमात मुलींना, त्यातही अविवाहित मुलींना, अग्रक्रम दिला. आईची चांदी मुलीकडे जाणे हा त्या परंपरेतील नियम होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ ने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक ठरवले; विवाहात व त्यानंतर मिळालेल्या भेटी आणि स्त्रीधन यांचाही त्यात समावेश आहे. परंतु मृत्युपत्र न करता ती निवर्तली, तर कलम १५ नुसार मुलगे, मुली आणि पती हे एकत्रितपणे वारस ठरतात. स्त्रीची मालकी बळकट करणाऱ्या याच कायद्याने आई-मुलीची जुनी वाट मात्र रुंद करून सर्वांना खुली केली. समानतेच्या दृष्टीने हे न्याय्य आहे. तथापि चांदीच्या भांड्यांबाबत त्याचा परिणाम म्हणजे जे भांडे पूर्वी अखंड एका मुलीकडे गेले असते, ते आता वाटणीच्या तराजूत येते.

दुसऱ्या बाजूने, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना सहदायाद म्हणून हक्क देण्याची सुधारणा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. ती त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती होती. केंद्रीय सुधारणा ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मुलीचा हा हक्क जन्मजात असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे आजोबांनी कुटुंबाच्या उत्पन्नातून घडवलेले तबक असो वा आजीचे माहेरचे ताट, विवाहित मुलीला ‘तुझा यात काय संबंध’ असे म्हणण्यास कायद्याचा आधार उरलेला नाही. प्रतिभा राणी प्रकरणात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन पती वा सासरच्यांकडे केवळ विश्वासाने ठेवलेले असते आणि ते परत न देणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांनी विवाहातील भेटींची यादी करणे आवश्यक ठरवले. मराठी समाजाला ही कल्पना नवी नव्हती. लग्नाच्या ‘याद्या’ करण्याची चाल फार जुनी आहे. केवळ त्या याद्या लग्नानंतर कोणी जपून ठेवत नाही.

करविषयक कायद्यातही वापराला महत्त्व आहे. एका संस्थानिकाच्या पूजेत मांडल्या जाणाऱ्या चांदीच्या लगडी व नाणी या ‘वैयक्तिक वापराच्या वस्तू’ नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवले. वस्तूचा मालकाच्या नित्य वापराशी निकटचा संबंध असला पाहिजे, असे त्यामागील सूत्र होते. संपत्तिकराच्या कक्षेत १९९३ नंतर सोन्या-चांदीची भांडी स्पष्टपणे आणण्यात आली होती. तो कर २०१५ च्या वित्त अधिनियमाने रद्द झाला. त्या काळात करदात्यांनी करून घेतलेले मूल्यांकन अहवाल काही घरांत अद्याप असतील. भांड्यांची नगवार वजने देणारा तो एक अनपेक्षित दस्तऐवज होय.

परदेशात स्थायिक झालेल्या वारसांनी पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ ची माहिती ठेवणे आवश्यक आहे. शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. शके १८४८ म्हणजे १९२६-२७ चे भांडे आता त्या मर्यादेपाशी आले आहे. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घेता येते.

मोड

वाढपाचे भांडे संचात एकच असते, हे प्रारंभी म्हटले आहे. वाटणीत त्याचा तोटा होतो. सहा ताटे तीन भावंडांत दोन-दोन अशी विभागता येतात. तुपाची तामली विभागता येत नाही. ती एकाने ठेवून इतरांना फरक द्यावा, तर तिचे मूल्य घडणावळीसह धरायचे की केवळ धातूचे, यावर मतभेद होतात. सर्वांना मान्य होईल असा एकच तटस्थ मापदंड उरतो आणि तो म्हणजे वजन. सराफाकडे मोड देऊन रोख रक्कम समान वाटली की तक्रारीला जागा राहत नाही. वाद टाळण्याच्या प्रामाणिक इच्छेतूनच पुष्कळशी वाढपाची भांडी वितळली गेली असावीत. त्यात स्टेनलेस स्टीलचा प्रसार, टेबलावरील जेवण आणि कार्यालयातील केटरर यांमुळे घरची पंगतच लोपली. जे वापरात नाही, ते जड वाटू लागते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, दौती आणि स्वयंपाकघरातील भांडी यांसारख्या घरगुती वस्तू जमवल्या आणि तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. सर्वच भांडी संग्रहालयात जाणे शक्य नाही, आणि ज्या कुटुंबाला मुलांच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी पैशाची गरज आहे त्याने चांदी मोडू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. स्त्रियांच्या हाती संकटकाळासाठी काही असावे, हाही चांदी देण्यामागचा एक हेतू होताच.

तथापि मोड देण्यापूर्वी नोंद करणे अवघड नाही. कोरलेल्या मजकुरावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलक्या हाताने आडवी फिरवली, की पुसट अक्षरेही उमटतात. छायाचित्र घेताना प्रकाश समोरून न पाडता बाजूने पाडला, तर ठिपक्यांच्या सावल्या स्पष्ट होतात. वजन ग्रॅममध्ये लिहावे आणि जुन्या यादीतील तोळ्यांचा आकडा तसाच शेजारी ठेवावा. महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र आणि गृहविज्ञान या विभागांना विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी हे काम सहज हाती घेता येईल. कारण बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी चांदी नसली, तरी नाव घातलेले पितळेचे एखादे भांडे असतेच आणि पद्धत तीच आहे. नोंदवहीत वजन, मजकूर आणि अंदाजे काळ यांखेरीज आणखी एक रकाना असावा : या भांड्यातून काय वाढले जाई आणि ते कोण वाढत असे. ही माहिती भांड्यावर कोरलेली नसते. ती घरातील सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या स्त्रियांना ठाऊक असते, म्हणून हा रकाना प्रथम भरावा.